खाचेचं माप

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की बाई चुलीवर तवा ठेवायची. आईला आम्ही बाई म्हणायचो आणि वडिलांना दादा. दादांना हॉर्न वाजवायची सवय नव्हती, पण बाईला त्याची गरजही नव्हती. मोंढ्याकडून, म्हणजे धान्याच्या बाजाराकडून, दिवसभर ट्रक यायचे-जायचे, त्यातला आपला कोणता हे तिला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं. गाडी भरलेली आहे की रिकामी, चालवतंय कोण, हेसुद्धा ती चुलीपुढं बसून सांगायची. गाडी पडवीपुढं उभी राहिली की इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ त्यातून टिक-टिक असा तापल्या लोखंडाचा आवाज येत राहायचा. तोवर भाकरी फुगलेली असे, येसराच्या आमटीला उकळी आलेली असे आणि दादा न्हाणीतून हात पुसत येत असत. हाताचा डिझेलचा वास साबणानं जात नसे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांच्या हाताला तो वास असतो.

आमचं घर जालन्यात, मोंढ्याच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीपुढं गाडी उभी राहील एवढी मोकळी जागा. दादांनी आधी जागा पाहिली आणि मग घर पाहिलं, असं बाई सांगायची. शेजारी तेलाची गिरणी होती. ती चालू असली की भिंतीवरची भांडी बारीक थरथरायची आणि बंद पडली की सगळ्या गल्लीला एकदम काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं. उन्हाळ्यात सरकीच्या पेंडीचा गोडसर वास घरभर भरलेला असायचा. बाईला तो आवडायचा. ती मूळची धावड्याची, तिच्या माहेरी म्हशी होत्या, आणि पेंडीच्या वासानं आपल्याला गोठ्यात बसल्यासारखं वाटतं असं ती म्हणायची.

दादांचं गाव केदारखेडा. तिथं त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे अण्णाकाका, शेती पाहत. दादांना शेतीत गोडी नव्हती. तरुणपणी ते घर सोडून दुसऱ्यांच्या गाड्यांवर क्लीनर म्हणून राहिले, मग ड्रायव्हर झाले आणि शेवटी एक जुनी गाडी घेतली. तिचं मूळ इंजिन निकामी झालेलं होतं. घेतानाच तिच्यात दुसऱ्या एका गाडीचं इंजिन बसवलेलं होतं. अण्णाकाकांना हे काहीच पटलं नव्हतं. भांडण असं कधी झालं नाही. ते जालन्याला आले की आमच्याकडं उतरायचे, जेवायचे, पण गाडीकडं पाठ करून बसायचे. त्यांची मोसंबी दर वर्षी परक्या गाड्यांतून हैदराबादला जायची. दादांनी कधी मागितली नाही आणि अण्णाकाकांनी कधी दिली नाही.

गाडीवर दादांच्या जोडीला युसूफचाचा होते. ते तीर्थपुरीचे. दोघं आळीपाळीनं चालवत. घरी उर्दू बोलणारा माणूस, पण आमच्याशी त्यांची मराठी झक्क होती, मध्येच एखादा शब्द त्यांच्या घरचा यायचा एवढंच. बाईच्या हातचे धपाटे ते तीर्थपुरीला बांधून न्यायचे आणि ईदनंतर त्यांच्या घरून आमच्याकडं शिरखुर्म्याचा डबा यायचा. दादा आणि ते एकमेकांना भाऊ म्हणत. नावानं हाक मारताना मी दोघांनाही कधी ऐकलं नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मी घरीच होते. बारावीला इंग्रजीत राहिले होते. परत बसायचं की नाही हे ठरत नव्हतं. तोवर रिकामी नको म्हणून बाईनं मला गल्लीतल्या देशमुखबाईंकडं शिवणाला घातलं. देशमुखबाई फार कडक. तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. कुणी नवा ब्लाउज शिवायला जुना ब्लाउज मापाला आणला की त्या तो परत करायच्या. म्हणायच्या, "कापड अंगावर राहून ताणलेलं असतं, त्याचं माप घेऊन काय करू? जिचा आहे तिलाच पाठव." मला ते तेव्हा उगाच ताठपणाचं वाटायचं.

दिवाळीनंतर कधीतरी गाडीतून तेल गळायला लागलं. आधी पडवीपुढच्या मातीत रुपयाएवढा डाग दिसायचा. मग तो ताटाएवढा झाला. बाईनं गाडीखाली राखेचं घमेलं ठेवायला सुरुवात केली, कारण तेलात पाय पडून ते घरभर व्हायचं. दादांनी तेलाचा फिल्टर बदलला. तरी गळतच होतं. मग मिस्त्रीनं खाली झोपून पाहिलं आणि सांगितलं, फिल्टर चांगला आहे, तो ज्यावर बसतो त्या तुकड्याची रिंग गेली आहे.

हे जरा समजावून सांगायला हवं. इंजिनाच्या अंगाला हाताच्या पंजाएवढा एक अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा बोल्टांनी आवळलेला असतो. फिल्टर त्यावर फिरवून बसवतात. मिस्त्री लोक त्या तुकड्याला अडॅप्टर म्हणतात. त्याच्या पाठीला एक गोल खाच असते आणि त्या खाचेत रबराची रिंग बसते, तिला सील म्हणतात. इंजिनातलं सगळं तापलेलं तेल जोरात त्या तुकड्यातून फिल्टरात जातं आणि परत येतं. ते बाहेर येऊ नये याची सगळी भिस्त बांगडीएवढ्या त्या रबरावर असते.

दादा जुनी रिंग घेऊन दुकानात गेले आणि तिला मिळतीजुळती नवी घेऊन आले. थोडे दिवस बरे गेले, मग परत डाग. दुसऱ्या दुकानातून दुसरी आणली. मग रिंगवर लाल पेस्ट लावून पाहिली. हा खेळ हिवाळाभर चालला. एकदा लोखंडी सळया घेऊन जाताना एकदम तेल सुटलं. तेलाच्या दाबाचा काटा खाली गेलेला युसूफचाचांनी पाहिला आणि तिथल्या तिथं इंजिन बंद करायला लावलं. नाहीतर इंजिन जाम होऊन कायमचं गेलं असतं. घरी आल्यावर चाचा बाईला म्हणाले, "भाभी, आज अल्लानं वाचवलं. आणखी दोन फर्लांग गेलो असतो तर किस्सा खतम." जेवताना दादांचं लक्ष नव्हतं.

नेमकं त्यानंतर अण्णाकाकांचा निरोप आला. मृग बहाराची मोसंबी तयार होती, त्यांची नेहमीची गाडी त्यांना दगा देऊन दुसरीकडं लागली होती आणि फळ झाडावर थांबणार नव्हतं. निरोप आणणाऱ्या माणसानं पडवीत उभं राहूनच सांगितलं, "अण्णांनी इचारलंय, तुमची गाडी हैदराबादला जाईल का." दादा म्हणाले, "जाईल." बाईनं आतून त्यांच्याकडं पाहिलं. माणूस गेल्यावर ती म्हणाली, "अवो, गाडी तर गळून राह्यली." दादा म्हणाले, "मंग काय न्हाई म्हणू? इतक्या वर्सांनी इचारलंय त्यानं." त्यात युसूफचाचा तीर्थपुरीला गेलेले होते. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती, दिवस भरले होते आणि ते इतक्यात येणार नव्हते. म्हणजे गाडी दादांना एकट्यालाच न्यायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी आणखी एक नवी रिंग आणली आणि मला हाक मारली. चाचा नसल्यानं सामान हाताशी द्यायला कुणीतरी हवं होतं. ते गाडीखाली गेले, बोल्ट सोडले आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. मी तो गोणपाटावर ठेवून रॉकेलनं पुसला. उन्हाची वेळ, सगळं लख्ख दिसत होतं. दादा बाहेर आले, उकिडवे बसले आणि अंगठ्यानं दाबत दाबत नवी रिंग खाचेत बसवली. "बसली बघ," म्हणाले.

मला ती बसलेली दिसेना. एका बाजूनं रबर उचललं गेलं होतं, कमरेला सैल झालेल्या परकराला नाडी ओढल्यावर चुणी पडते तसं.

"दादा, इथं झोळ पडलाय," मी म्हणाले.

"कुठं?"

त्यांनी तो तुकडा नाकाजवळ नेला. मग हात लांब करून दूर धरला. मग उन्हाकडं तिरका केला. अंगठा खाचेवरून गोल फिरवला. अंगठा त्या चुणीवर आला तशी ती दबली आणि समोरच्या बाजूला वर आली. "न्हाई गं, बराबर हाये," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. गेल्या कित्येक दिवसांत दादांनी वर्तमानपत्र स्वतः वाचलं नव्हतं. मला वाचायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. थकून येतात, म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. सुईत दोरा ओवायला तर त्यांना कुणी सांगतच नव्हतं. लांबचं मात्र त्यांना इतकं स्वच्छ दिसायचं की रस्त्यावर येणाऱ्या गाडीचा नंबर ते सगळ्यांच्या आधी सांगायचे, त्यामुळं कुणाच्या मनात काही आलं नाही. हिवाळाभर ते रिंगा नुसत्या बोटानं चाचपून बसवत होते. आणि मग मला दुसरीच गोष्ट सुचली.

"दादा, गाडी चालवताना तेलाचा काटा दिसतो का तुम्हाला?"

त्यांनी तुकडा गोणपाटावर ठेवला. हात पुसायचं फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसत बसले.

"काटा हाये हे दिसतं," ते म्हणाले. "कुठं हाये ते न्हाई दिसत."

"चाचांना माहीत हाये?"

"मी न्हाई सांगितलं. पण त्याला समजलं असंल. आजकाल तो बाजूला बसून मोठ्यानं बोलतो, काटा बराबर हाये भाऊ, काटा बराबर हाये. पहिले कधी बोलत न्हवता."

"मंग चष्मा लावा ना."

"ड्रायव्हरच्या नाकावर चष्मा पाह्यला तर मोंढ्यात माल कोण देईल, शोभा? लोक म्हंतील, याला रस्ता दिसत न्हाई. रस्ता मला तुझ्यापेक्षा साफ दिसतो."

ते खरंच होतं. आता मला स्वतःला चष्मा लागून बरीच वर्षं झाली. तो नसला की ताटातली कोशिंबीर कशाची आहे हेही कळत नाही. चाळिशीनंतर हे सगळ्यांचंच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, हे आज कुणीही सांगेल. पण ज्या माणसाचं सगळं नाव डोळ्यांवर उभं आहे त्याला ते कबूल करताना काय वाटत असेल, हे मी त्या दिवशी त्या पुसल्या जाणाऱ्या बोटांकडं पाहून थोडंसं समजले.

दादा पाणी प्यायला आत गेले. मी ती जुनी, काढलेली रिंग हातात घेतली. ती मऊ आणि जाड लागत होती, पाण्यात भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली. नवी तिच्याशेजारी धरली तर दोन्ही अगदी सारख्या. आणि तिथं मला देशमुखबाई आठवल्या. हिवाळाभर आम्ही जुनाच ब्लाउज मापाला नेत होतो. तापलेल्या तेलात राहून रबर फुगतं, ताणतं, आणि त्याच्या मापाची नवी रिंग आणली की ती पहिल्या दिवसापासून मोठीच असते. माप घ्यायचं तर खाचेचं घ्यायला हवं होतं.

मी शिवणाचा डबा आणला. खाचेत आधीच्या लाल पेस्टचे वाळके कण चिकटून होते. ते सुरीनं खरवडले असते तर मऊ धातूला चरे पडले असते, म्हणून झाडूच्या काडीनं काढले. मग खाचेच्या आतल्या कडेनं पक्का दोरा गोल फिरवला, जुळला तिथं गाठ मारली आणि टेपवर ताणून पाहिला. खोली मोजायला सुई उभी धरून नखानं खूण केली. दादा येऊन उभे राहिले होते ते मला कळलं नाही. "हे काय करून राह्यली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते काही वेळ त्या दोऱ्याकडं पाहत राहिले. पाहत म्हणजे, त्यांना तो दिसत नसणारच. मग त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चल. दोरा नको, हा तुकडाच उचल. दुकानात डोळ्यासमोर बसवून बघू."

जाण्याआधी मी बाईला आत जाऊन डोळ्यांचं सांगितलं. ती वांगी चिरत होती. "मला ठाऊक हाये," ती म्हणाली. "परवा मिरची म्हणून वांग्याचं देठ चावलं त्यांनी. चावलं आणि गिळलं बी. मी काय बोलले न्हाई." तिनं विळी बाजूला केली. "तुला सांगितलं ते बरं झालं. मला तर कधी सांगितलं नसतं."

तो तुकडा मी कापडी पिशवीत घालून पोटाशी धरला होता, तरी माझ्या ओढणीला तेल लागलंच. आम्ही मोंढ्याजवळच्या दुकानांत फिरलो. सगळे आधी विचारायचे, गाडी कोणती. गाडीचं नाव सांगितलं की फडताळातून त्या गाडीची रिंग निघायची आणि ती खाचेच्या बाहेर राहायची. इंजिन दुसऱ्या गाडीचं, असं सांगितलं की दुसरी निघायची, ती आत सैल पडायची. एक दुकानदार म्हणाला, हा तुकडा या इंजिनाचाही नाही, कुणीतरी तिसऱ्याच गाडीचा आणून बसवलेला आहे, याचं माप तुम्हाला कुठं मिळणार नाही. दादा त्याला बरं म्हणाले आणि आम्ही बाहेर पडलो. उसाच्या रसाच्या गाड्यावर बसलो. दादा म्हणाले, "न्हाई मिळाली तर अण्णाला निरोप देतो. दुसरी गाडी बघ म्हंतो." हे ते अगदी सरळ आवाजात म्हणाले, पण रसाचा ग्लास त्यांनी अर्धा ठेवला.

तेव्हा आमच्या शेजारच्या गिरणीचा आवाज माझ्या डोक्यात आला. गिरणीत यंत्रं असतात, यंत्रांत तेल असतं, म्हणजे त्यांनाही रिंगा लागत असणार. दादांना मी विचारलं, गिरणीवाले सामान कुठून घेतात. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला एक दुकान हाये," म्हणाले. "पण तिथं गाडीचं काय भेटत न्हाई."

दुकान अंधारं आणि लांबट होतं. मालक वयस्कर होते, गळ्यात तुळशीची माळ, समोर चहाचा कप. कापसाच्या जिनिंगमधल्या प्रेसचे, पंपांचे सगळे सील त्यांच्याकडं असायचे, भिंतीवर खिळ्यांना बांगड्यांसारखे लटकवलेले. दादांनी गाडीचं नाव सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "गाडीचं आमाला काय समजत न्हाई. काय बसवायचं ते दाखवा." मी पिशवीतून तुकडा काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी खाच पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि खिळ्यांवरच्या रिंगांचा एक जुडगा काढून माझ्यापुढं सरकवला. "बसा, बघा. घाई न्हाई."

मी बसले आणि एकेक रिंग खाचेत घालून पाहू लागले. एक मोठी, एक पातळ, एक बराबर पण खाचेच्या खालीच राहणारी, म्हणजे दाब बसायला काही उरणार नाही अशी. दादा शेजारी उभे राहून प्रत्येक रिंगवर अंगठा फिरवत होते. मी डोळ्यांनी सांगायचे, ते बोटानं. शेवटी एक अशी निघाली की घालताना किंचित ताणावी लागली आणि मग ती आपोआप आत जाऊन बसली. कुठं चुणी नाही, कुठं फट नाही. खाचेच्या वर सगळीकडं सारखी, नखाच्या कडेएवढी, उभी राहिली. मी तुकडा उलटा केला तरी ती पडली नाही.

"हीच," मी म्हणाले.

दादांनी अंगठा फिरवला. मग परत उलट्या बाजूनं फिरवला. "हो," ते म्हणाले. "ही बसली."

मालक म्हणाले, ही प्रेसच्या तेलातली आहे, गरम तेलाला दाद देत नाही, पण गाडीवर कुणी लावल्याचं मला माहीत नाही, तेव्हा भरवसा मी देणार नाही. दादांनी तशाच दोन घेतल्या. पुढं मी स्वतः याच धंद्यात पडले. त्या दुकानात कामाला लागले आणि नंतर स्टेशन रोडलाच स्वतःचं लहानसं दुकान केलं. त्याला कारण तो दिवस. गिऱ्हाईक हातात जुनी रिंग नाचवत आलं की मी अजून म्हणते, खाच घेऊन या. काही चिडतात. मग घेऊन येतात.

दुपारी आम्ही ती बसवली. नव्या तेलाचं बोट रिंगवरून फिरवलं, म्हणजे ती आवळताना पिळवटत नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. गाडी चालू करून मी खाली कोरा कागद पसरला आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत आम्ही तिघं त्या कागदाकडं पाहत उभे राहिलो. त्यावर गल्लीतली धूळ पडली, दुसरं काही पडलं नाही. बाईनं घमेल्यातली राख उकिरड्यावर टाकली.

मग काट्याचा प्रश्न राहिला. रिंग बसली होती, पण हैदराबाद लांब, ऊन तापायला लागलेलं आणि दादा एकटे. मी म्हणाले, मी येते. दादा नाही म्हणाले. पोरगी ट्रकमध्ये बसून हैदराबादला गेली हे गल्लीत, केदारखेड्यात, धावड्यात सगळीकडं होईल, माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू आहे, वगैरे. ते खोटं नव्हतं. बाई ऐकत होती. ती म्हणाली, "इंजिन जाम झालं तर आणि तुमाला रस्त्यात काय झालं तर मंग स्थळं येणार हायेत का? जाऊ द्या तिला. बापासंगं जाऊन राह्यली, कुणा परक्यासंगं न्हाई." आणि तिनं धपाट्यांसाठी पीठ काढलं, म्हणजे बोलणं संपलं.

पहाटे आम्ही केदारखेड्याला पोहोचलो तेव्हा मळ्यात फळ उतरवलेलं होतं. झाडांखाली पिवळ्या-हिरव्या मोसंबीचे ढीग आणि दवात भिजलेल्या पानांचा कडवट वास. अण्णाकाका डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे होते. मी केबिनमधून उतरले तसे त्यांनी भुवया वर केल्या.

"ही कशाला?"

मला वाटलं, दादा म्हणतील, सहज आली, बागा बघायला. दादा गाडीला हात लावून उभे होते. "तेलाचा काटा बघायला," ते म्हणाले. "मला जवळचं दिसत न्हाई, अण्णा. लांबचं दिसतं. जवळचं न्हाई. तुला माल द्यायच्या आधी सांगायला पाहिजे म्हणून सांगून राह्यलो. न्हाई म्हनलास तरी मला वाईट वाटणार न्हाई."

मजूर थांबले होते. अण्णाकाकांनी गाडीकडं पाहिलं. आमच्या पडवीत इतक्या वेळा बसून त्यांनी ती धड पाहिली नव्हती. ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले, खाली वाकून इंजिनाखालची माती पाहिली. मग टॉवेल सोडून तोंड पुसलं.

"मला बी न्हाई दिसत," ते म्हणाले. "फळावर डाग हाये का साफ हाये, ते मला गडी सांगतो. मी आपला हो म्हंतो." आणि मजुरांकडं वळून म्हणाले, "भरा रे."

खाली पाचट अंथरून, मध्ये थर देऊन, मोसंबी भरली. वर ताडपत्री ओढली. निघताना अण्णाकाकांनी माझ्या ओढणीत निवडक फळं टाकली आणि दादांना म्हणाले, "सावकाश जा. एखादं फळ खराब झालं तर झालं." दादांनी मान हलवली. गाडी मळ्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी दीर्घ श्वास सोडला.

परभणी, नांदेड, पुढं तेलंगणाचे दगडांचे ढीगच्या ढीग असलेले डोंगर. मी हे सगळं पहिल्यांदा पाहत होते आणि खरं तर पाहत नव्हते, कारण माझी नजर सारखी त्या काचेखालच्या काट्यावर. मधूनमधून मी म्हणायचे, बराबर हाये. दादा हुं म्हणायचे. नांदेडच्या पुढं भर उन्हात काटा हळूहळू खाली यायला लागला. मी तसं सांगितलं तेव्हा माझा आवाज मला परका वाटला. दादांनी गाडी एका चिंचेखाली घेतली, इंजिन बंद केलं, खाली गेले आणि त्या जोडाभोवती बोट फिरवून बाहेर आले. बोट मला दाखवलं. कोरडं होतं. "तेल तापलं की पातळ होतं," ते म्हणाले. "काटा थोडा खाली येतोच. पण तू सांगितलं ते बराबर केलं." आम्ही चिंचेखाली धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, एकेक मोसंबी सोलली आणि इंजिन निवल्यावर निघालो.

हैदराबादच्या फळबाजारात माल उतरला. आडत्यानं फळ कापून चाखलं आणि दादांना पुढच्या खेपेचं विचारलं. बाजाराबाहेर एक म्हातारबुवा फळीवर चष्मे मांडून बसले होते. मी तिथं थांबले. दादा दोन पावलं पुढं गेले, मग परत आले. म्हातारबुवांनी त्यांचं वय विचारलं, एक चष्मा पुसून दिला आणि वाचून पाहायला हातात वर्तमानपत्र दिलं. ते उर्दू होतं. मी सांगणार होते की आम्हाला हे येत नाही, तेवढ्यात दादा अडखळत वाचायला लागले. निजामाच्या काळात त्यांची शाळा उर्दूत झाली होती हे मला माहीत होतं, पण त्यांना ते वाचताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी एक ओळ वाचली, मग दुसरी. म्हातारबुवा मान डोलवत होते. दादा वाचायचे थांबले तेव्हा सगळी बातमी संपली होती.

गाडीत बसल्यावर त्यांनी चष्मा लावूनच काट्याकडं पाहिलं. "याच्याखाली आकडे बी हायेत," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझा हात स्वतःच्या हातात घेतला. बोल्ट आवळताना बोटाला लागलेला काप अजून लाल होता आणि नखांत काळं तेल साचलं होतं. ते बराच वेळ एकेक नख पाहत राहिले. सीटखालून रॉकेलची बाटली काढली, फडक्याचं टोक भिजवलं आणि माझी बोटं पुसायला बसले, कापाला लागू नये म्हणून सावकाश. मागं दुसरी गाडी हॉर्न देत होती. त्यांनी तिला हातानंच थांबायला सांगितलं.

दोन्ही हात साफ झाल्यावर त्यांनी फडकं घडी घालून ठेवलं आणि चावी फिरवली. "आता तू काट्याकडं बघू नको," ते म्हणाले. "खिडकीतून बाहेर बघ. न्हाईतर झोप."

शहर संपेपर्यंत मी बाहेर पाहिलं. मग मला झोप लागली.